सुई टोचताना बाळाशी बोला, फोन खिशातच राहू द्या

वाचक विचारतात, बालरोगतज्ज्ञ सांगतात

मागच्या अंकात लसीकरणाबद्दल लिहिताना जाता जाता मी एक वाक्य टाकलं होतं की सुई टोचताना आईने बाळाच्या जवळ तोंड नेऊन बोलत राहावं, रडणं कमी होतं. बाकी सगळा लेख राहिला बाजूला आणि पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट सगळे त्या एका वाक्यावर. इंदूरचे तर आहेतच, देवासहून आलेत, महूहून आलेत, एका आजोबांनी चार फूलस्केप भरून पाठवलेत. त्यातले थोडे घेतेय, काही पत्रं जागेसाठी छोटी केली आहेत, रागावू नका.

प्रश्न : डॉक्टर ताई, माझं पहिलंच बाळंतपण, मुलगी आहे, आता महिन्याची होईल. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घ्यायचं म्हणून सिस्टर तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं, आणि मला बाहेर तिचं रडणं ऐकू येत होतं, मी पण रडले. सासूबाई म्हणाल्या एवढ्याशा जिवाला काय कळतंय, दोन मिनिटांत विसरेल. खरंच कळत नाही का त्यांना? आता दीड महिन्याचे टीके आहेत. ह्यांनी फोनमध्ये आईच्या पोटात बाळाला ऐकू येतात तसल्या आवाजांचं ॲप टाकून ठेवलंय, ते लावून नेऊ का? (एक आई, राजेंद्रनगर)

उत्तर : सासूबाईंना काही म्हणू नका. त्या जे म्हणाल्या ते चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टर लोक पण म्हणायचे, आणि नुसतं म्हणायचे नाहीत तर तसं वागायचे. नवजात बाळाच्या नसांवर मायलिनचं आवरण पुरतं आलेलं नसतं म्हणून दुखणं मेंदूपर्यंत पोचत नाही असा समज होता, वर भूल झेपणार नाही ही भीती, त्यामुळे कमी दिवसांच्या बाळांची छाती उघडून केलेली ऑपरेशनं सुद्धा नायट्रस ऑक्साइड हा हलक्या भुलीचा वायू आणि अंग लुळं करणारं औषध एवढ्यावर व्हायची. म्हणजे बाळाला हलता येत नाही, रडता येत नाही, पण जाणवतंय सगळं. वाचून पोटात गोळा येतो ना?

हे उलटवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. कंवलजीत आनंद आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे. इथून ते ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला गेले, तिथे ऑपरेशनहून परत आलेली बाळं इतकी खालावलेली का असतात याच्या मागे लागले, आणि १९८७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवलं की ज्या कमी दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलं त्यांच्या रक्तात ताणाची हार्मोन्स खूप कमी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजातांना सुद्धा रीतसर भूल द्या असं सांगितलं. इंदुरात पोह्यांवर तासभर भांडतील असे लोक गल्लोगल्ली भेटतात, हे नाव मात्र विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात, असो.

मायलिनचा मुद्दा तसाही लंगडाच होता, दुखण्याचा निरोप नेणारे कितीतरी तंतू मोठ्या माणसात पण बिनमायलिनचेच असतात. आणि आपला मेंदू वरून जे दुखणं थोडं दाबून धरतो ती सोय बाळात अजून कच्ची असते, त्यामुळे त्याला आपल्यापेक्षा जास्तच लागत असणार असं मानायला जागा आहे. २०१५ मध्ये ऑक्सफर्डलाच एक ते सहा दिवसांच्या बाळांना एमआरआयमध्ये झोपवून पायाला अगदी हलकं टोचून बघितलं, तर मोठ्यांच्या मेंदूत दुखताना जे २० भाग जागे होतात त्यातले १८ बाळांतही जागे झाले. आणि विसरण्याचं म्हणाल तर कॅनडात १९९७ साली असं आढळलं की ज्या मुलांची सुंता जन्मल्यावर लगेच, भूल न देता झाली होती ती चार-सहा महिन्यांची असताना लसीच्या सुईला जास्त रडली. शब्दांत आठवत नसेल त्यांना, पण शरीर काहीतरी धरून ठेवतं.

आता आवाजाचं. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या एका हॉस्पिटलात १०० बाळं घेतली, बहुतेक दोनेक दिवसांची, सगळ्यांचंच टाचेतून रक्त घ्यायचं होतं. सगळ्यांना आधी साखरेच्या पाण्याचे थेंब दिले, निम्म्याहून थोड्या जास्त बाळांना त्याशिवाय वाद्यांवरची संथ अंगाई ऐकवली, सुईच्या २० मिनिटं आधीपासून ते सुईनंतर ५ मिनिटांपर्यंत. दुखण्याला मार्क देणाऱ्या माणसाच्या कानावर आवाज बंद करणारे हेडफोन, म्हणजे कुठल्या बाळाला गाणं आहे ते त्याला कळूच नये. हे २०२३ मध्ये छापून आलं. सुईच्या वेळी गाणं नसलेल्या बाळांचे मार्क ७, गाणं असलेल्यांचे ४. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, एका मिनिटानंतर गाणंवाली बाळं शून्यावर आली होती, बाकीची अजून साडेपाचवर.

म्हणजे आवाजाने सुई लागायची थांबत नाही, लागते, पण कमी लागते आणि बाळ लवकर सावरतं. आणि गाणं २० मिनिटं आधी सुरू झालं होतं हे विसरू नका. आपल्याकडे काय होतं, सिस्टरने सिरिंज उचलली, बाळ किंचाळलं की मग आई, मावशी, सासूबाई सगळ्या एकदम टाळ्या वाजवतात, खुळखुळा हलवतात, अले अले अले सुरू, आणि बाळ अजून घाबरतं. त्या वेळी सुरू केलेला आवाज हा त्याच्यासाठी अजून एक त्रास.

तुमच्या दीड महिन्याच्या डोसाला काय करा ते सांगते. तोंडातून पोलिओ आणि रोटाचे थेंब असतात, ते आधी द्यायला सांगा. मग दोन मांड्यांत एकेक इंजेक्शन, पेंटा (धनुर्वातासकट पाच रोगांवरची लस) आणि पीसीव्ही (न्यूमोनियावरची), आणि उजव्या दंडावर पोलिओचं छोटंसं. जास्त दुखणारं शेवटी, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१५ मध्ये सांगितलंय. नंबर यायच्या आधी बाहेर बाकड्यावर बसलात की तिथेच तिला छातीशी घ्या आणि हळू बोलायला लागा, काहीही, घरी मसाजच्या वेळी जे बोलता तेच. आत गेल्यावर टेबलावर ठेवू नका, मांडीवरच घ्या, शक्य असेल तर अंगावर पाजत ठेवा आणि पाजतानाच इंजेक्शन द्यायला सांगा. ठसका लागेल म्हणून काही सिस्टर नको म्हणतात, पण ही पद्धत भरपूर अभ्यासलेली आहे आणि त्याच संघटनेने सुचवलेली आहे, गोड बोलून आग्रह धरा. सुई निघाली तरी बोलणं चालू ठेवा, लगेच उठून चपला शोधू नका. तापाचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आधीच पाजून नेऊ नका, त्याने लसीचा असर थोडा कमी होतो असं दिसलंय.

साखरेच्या पाण्याचं वाचून कोणी घरी वाटीत साखर विरघळवायला घेईल म्हणून सांगून ठेवते, ते हॉस्पिटलात ठरलेल्या ताकदीचं, मोजून, सुईच्या साधारण दोन मिनिटं आधी जिभेवर थेंबभर देतात. घरी नाही. मध तर वर्षाच्या आत बोटभर पण नाही.

आणि ॲप? तुम्ही स्वतः तिथे आहात, मग पोटातल्या आवाजाची नक्कल कशाला?

प्रश्न : आमचा मुलगा ३१ आठवड्यांचाच झाला, १४०० ग्रॅम, इंदूरला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. आम्ही देवासचे. मिसेसचं सिझर झालंय, ती अजून घरी, मी रोज येतो दूध घेऊन. त्याला सारखं टोचतात, हातापायाला जागा उरली नाही. पुढच्या आठवड्यात डोळे तपासणार म्हणाले, तेही दुखतं असं ऐकलंय. मिसेसचा आवाज रेकॉर्ड करून त्याच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) फोन ठेवला तर चालेल का? मी स्वतः बोललो तर? खरं सांगतो, काचेच्या पेटीशी बोलायला जरा ओशाळल्यासारखं होतं, सगळे बघतात. (एक बाबा, देवास)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. एनआयसीयूतल्या बाळांना खरंच फार टोचलं जातं, पॅरिस आणि आसपासच्या युनिटांत ४३० बाळांचा हिशेब २००८ मध्ये आला होता, त्यात बाळामागे दिवसाला साधारण १० दुखणाऱ्या गोष्टी निघाल्या आणि बहुतेक वेळा दुखू नये म्हणून काहीच दिलेलं नव्हतं. त्यातलं बरंचसं टोचणं बाळ जगावं म्हणूनच असतं, त्याला इलाज नाही, पण ते कसं टोचावं याला आहे.

ऐकू येतं का, तर हो. साधारण २५व्या-२६व्या आठवड्यापासून बाळ आवाजाला दाद द्यायला लागतं. पोटात जाड, खालच्या पट्टीतले आवाज नीट पोचतात, बारीक चिरके आवाज अडतात, आणि आईचा आवाज तर बाहेरून आणि तिच्या अंगातून असा दोन्हीकडून जातो. १९८० मध्ये अमेरिकेत चोखणी चोखायला देऊन बघितलं होतं, तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखायची लय बदलत होती, परक्या बाईच्या आवाजासाठी तेवढी नाही.

तुमच्या मुलासारख्या बाळांवरच एक काम इटलीत ऑस्टा नावाच्या गावी झालं, २०२१ मध्ये आलं. २० कमी दिवसांची बाळं, तीन वेगवेगळ्या दिवशी टाचेतून रक्त, एकदा आई नाही, एकदा आई बोलतेय, एकदा आई गातेय. आईने सुईच्या पाच मिनिटं आधी सुरुवात करायची आणि नंतरही चालू ठेवायचं. आई बोलत होती तेव्हा दुखण्याचा आकडा साडेचारवरून तीनवर आला आणि बाळाच्या लाळेतलं ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीचं हार्मोन, वाढलं. गंमत म्हणजे बोलणं गाण्यापेक्षा सरस ठरलं, संशोधकांचा अंदाज असा की बोलताना आई बाळाचा चेहरा बघून आवाज खालीवर करते, गाताना चालीत अडकते. ज्यांनी ज्यांनी मला आवाज घोगरा आहे, गाता येत नाही असं कळवलंय त्यांचं उत्तर इथेच झालं, वेगळं लिहीत नाही.

तेव्हा पहिलं म्हणजे मिसेसना डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की आणाच, रोज नाही जमलं तर एकदोन दिवसांआड, आणि मुलगा स्थिर असेल तर कांगारू केअर कधी सुरू करता येईल ते विचारा. उघड्या छातीवर बाळ, वरून पांघरूण, आणि त्याच अवस्थेत टाचेतून रक्त घेतलं तर दुखणं कमी होतं हे पुष्कळ ठिकाणी दिसलंय. ही पद्धत १९७८ साली कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. बाबांनी पण करायची असते, शर्टाची बटणं उघडायची तयारी ठेवा. आई-वडिलांना आत घेऊन, हात धुण्यापासून शिकवून बाळाच्या देखभालीत सामील करा अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१७ पासून आहेत, एसएनसीयूसाठी, म्हणजे सरकारी हॉस्पिटलातल्या आजारी नवजातांच्या विभागांसाठी, त्यामुळे आम्हाला आत येऊ द्या हे म्हणण्यात भीड बाळगू नका.

रेकॉर्डिंग दुसऱ्या नंबरवर. फोन पेटीत ठेवू नका, जंतूंचा प्रश्न आहे आणि बंद पेटीत आवाज घुमतो. एनआयसीयूत आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा असं धरतात, आपलं नेहमीचं बोलणंच ६०च्या आसपास असतं. युनिटने परवानगी दिली तर बाहेर, पोर्टहोलच्या (पेटीत हात घालायच्या गोल झरोक्याच्या) जवळ, थोडा वेळ, शेजारी झोपलेलं माणूस उठणार नाही एवढ्या आवाजात. मिसेसना सांगा की गाणं वगैरे नको, घरी काय चाललंय ते सांग, त्याचं नाव घे. आणि वाजवून निघून जाऊ नका, बाळाकडे बघत राहा. बोटं फाकवली, उचक्या लागल्या, तोंड फिरवलं, रंग बदलला, मॉनिटरवर ऑक्सिजन खाली आला, की बंद. एवढ्या लहान बाळाला एका वेळी एकच गोष्ट झेपते, आवाज चालू असेल तर थोपटू नका, नुसता हात ठेवा, एक डोक्यावर, एक पायांशी, हलवायचा नाही. आणि हो, पेटीवर दुधाची बाटली टेकवणं, फाइल आपटणं, पोर्टहोल खाडकन लावणं, हे आत फार मोठं ऐकू येतं, तुम्ही पाळा आणि दुसऱ्या कोणी केलं तर हळूच सांगा.

डोळ्यांची तपासणी अजिबात पुढे ढकलू नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळांचा पडदा जन्मापासून महिनाभरात बघावाच लागतो, आरओपी हा कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा आजार वेळेत सापडला तर दृष्टी वाचते. दुखतं हे खरं आहे, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, आणि नुसत्या आवाजाने हे भागणारं नाही, हे स्पष्ट सांगते. भूल देणारे डोळ्यातले थेंब, साखरेच्या पाण्याचे थेंब, घट्ट गुंडाळणं, हे सगळं आहे का ते आधी विचारा, आणि मग त्याच्या जोडीला तुमचा आवाज. तपासणीनंतर थेंबांमुळे त्याला उजेड टोचतो, पेटीवर कापड टाकायला सांगा.

ओशाळू नका हो. तुम्ही बोलायला लागलात की दोन दिवसांनी शेजारच्या पेटीचे बाबा पण बोलायला लागतात, मी बघितलंय. काहीच सुचलं नाही तर इंदूर-देवास रस्त्यावर आज कुठे ट्रॅफिक लागला ते सांगा.

प्रश्न : सुईच्या वेळी नाही पण एरवी बाळ रडायला लागलं की आम्ही मोबाइलवर हेअर ड्रायरचा आवाज लावतो, उशाशी ठेवला की लगेच गप्प होतो. रात्रभर चालू राहिला तर काही होतं का? (सुदामानगर)

उत्तर : गप्प होतो हे खरंच आहे, लंडनला १९९० मध्ये २०-२० बाळांवर बघितलं होतं, एकसुरी घरघर लावली तर १६ बाळं पाच मिनिटांत झोपली, न लावता ५. पण २०१४ मध्ये टोरांटोत बाजारातली अशी १४ यंत्रं मोजली तेव्हा तीन यंत्रं फुटभर अंतरावर ८५ डेसिबलच्या वर गेली, एवढा आवाज आठ तास ऐकणं मोठ्यांच्या कानालाही धोक्याचं धरतात. तुमचा फोन फुटभर पण नाही, उशाशी आहे. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आवाज कमीत कमी, झोपला की बंद. रात्रभर नको. आणि इंजेक्शनला नेताना हा प्रकार कानाला लावून नेलेले आई-बाबा मी बघते, त्यांना मी फोन पर्समध्ये ठेवायला लावते.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा, इंदूर घराण्याचा कानसेन. पणतू झाला आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं त्याला नियमित ऐकवावी, म्हणजे टीक्याच्या वेळी तीच लावली की तो शांत राहील आणि बुद्धीही तल्लख होईल, असा माझा विचार. घरच्यांनी हसण्यावारी नेलं. आपलं मत? (रामबाग, चार पानांतलं एवढंच छापू शकले, क्षमस्व)

उत्तर : आजोबा, अर्धा विचार पक्का शास्त्रीय आहे. ओळखीचा आवाज, खर्जातला, एकदम न उसळणारा, अतिविलंबित लय, हे सगळं बाळाला मानवतं, आणि खाँसाहेबांच्या आलापीत ते आहेच. रोज एका ठरावीक वेळी, पाजल्यावर, हळू आवाजात लावलं तर सुईच्या दिवशी तेच ओळखीचं वाटेल ही शक्यता आहे. तराणा मात्र मोठा झाल्यावर.

बुद्धीचं सोडून द्या. ती समजूत १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून पसरली, तो कॉलेजातल्या मुलांवर होता आणि मोझार्ट ऐकून झालेला फायदा दहा-पंधरा मिनिटंच टिकला, बाळांचा त्यात संबंधच नव्हता. आणि एक विनंती, तुम्ही स्वतः गुणगुणा. चार पानं लिहिणाऱ्या माणसाला दोन ताना येत नसतील यावर माझा विश्वास नाही. पणतवाला खाँसाहेब पुढे आयुष्यभर ऐकायला मिळतील, पणजोबा किती जणांना मिळतात?

प्रश्न : नातीचं बारसं आहे, त्याच दिवशी सराफ्यातल्या सोनाराला घरी बोलवून कान टोचून घ्यायचे ठरलंय. सून म्हणते नको, दुखेल. आमच्यात बाराव्या दिवशीच टोचतात. पाळणा म्हणत असतानाच टोचलं तर कळणार पण नाही ना? (एक आजी)

उत्तर : आजी, कळणार. पंधरा-वीस बायका एका सुरात पाळणा म्हणतायत, आत्या कानात कुर्र करतेय, वर फोटोवाला, हा तान्ह्या बाळासाठी आधीच भरपूर गोंधळ आहे, त्यात सुई नको. मी सुनेच्या बाजूने आहे, पण कायमचं नको असं नाही म्हणत. धनुर्वाताच्या संरक्षणाचे निदान दोन डोस, म्हणजे दीड आणि अडीच महिन्यांचे, होऊ द्या, मग टोचा. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, टोचू दे की, त्याचा हात बसलेला असतो, फक्त तार नवी आणि निर्जंतुक हवी, हात धुतलेले हवेत, आणि नात आईच्या मांडीवर, अंगावर पीत असताना. तुम्ही समोर बसून तिच्याशी बोला, एकट्या तुम्ही. बधिर करणारं मलम दुकानातून आणून आपल्या मनाने लावू नका, छोट्या बाळात ते रक्तात जाऊन त्रास होऊ शकतो, डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : मॅडम, मी नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. तुम्ही आईला सोबत ठेवा म्हणता पण आई समोर रडायला लागली की आमचा हात थरथरतो, शीर सापडत नाही, मग दोनदा टोचावं लागतं, आणि शिव्या आम्हाला. म्हणून आम्ही बाळ आत नेतो. आमची बाजू पण छापा. (नाव देऊ नका)

उत्तर : छापली. आणि तुम्ही म्हणता ते खोटं नाही. एका वेळी तीन बाळांचं रक्त घ्यायचं, वरून फोन वाजतोय, त्यात आई हुंदके देतेय, हे मी केलंय, मला माहीत आहे.

तरी माझं म्हणणं, आईला बाहेर काढण्याऐवजी तिला काम द्या. हात रिकामा असलेली आई रडते. तिला तुमच्या हाताकडे बघायचं नाही, बाळाच्या चेहऱ्याकडे बघायचं, असं बसवा, पाठ अर्धी तुमच्याकडे. मी सांगेपर्यंत बोलत राहा म्हणा, आणि काय बोलू असं विचारेलच, तर म्हणा कालचा दिवस सांगा त्याला. तिला बोलायला लागून दोन-चार मिनिटं झाली की तिचाही आवाज स्थिर होतो, आणि बाळाच्या आधी तुमचा हात स्थिर होतो. एखादी आई म्हणालीच की मला बघवत नाही, तर जबरदस्ती नको, बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे, आणि कोणीच नसेल तर तुम्ही आहात. तुमचा आवाज पण चालतो हो. सुई लावताना वरून दुसऱ्या सिस्टरशी ड्यूटीबद्दल बोलण्यापेक्षा तेच दोन शब्द बाळाशी.

कामाचं अजून एक, पूर्ण दिवसांच्या बाळाचं जास्त रक्त लागणार असेल आणि तुमच्यातल्या कोणाचा हात शिरेवर चांगला बसलेला असेल तर टाचेपेक्षा हाताच्या शिरेतून एकदाच घेतलेलं कमी दुखतं, टाच पिळत बसावी लागते तेच जास्त लागतं. कावीळ बघायला रोज टाच टोचत असाल तर डॉक्टरांना विचारा की आजच्या सगळ्या टेस्ट एकाच वेळी घेता येतील का. हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, उलट तुम्हीच विचारू शकता, आईला ते माहीत नसतं.

प्रश्न : तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोलून बघतो, गाऊन बघतो, पण आमच्या बाळाला आवाजाने काहीच फरक पडत नाही, दार आपटलं तरी दचकत नाही. दहा दिवस एनआयसीयूत होता. वीस दिवसांचा आहे. (महू)

उत्तर : मग आधी कान तपासा. कदाचित काही नसेल, पण वाट बघू नका. जन्मानंतर ओएई ही कानाची पहिली तपासणी झाली असेल आणि पास लिहिलं असेल तरी जे बाळ पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत होतं त्याला तेवढ्यावर सोडत नाहीत, बेरा टेस्ट (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी) करतात, कारण कान ठीक पण नसेत अडथळा असं या बाळांत होऊ शकतं आणि ते ओएईत दिसत नाही. महिन्याच्या आत पहिली तपासणी, शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हा ठरलेला हिशेब आहे. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे बसतं, जिल्हा हॉस्पिटलात चौकशी करा. टेस्ट बाळ झोपलेलं असताना होते आणि त्यात सुई नसते, म्हणून जायच्या आधी त्याला भुकेलं आणि जागं ठेवा, तिथे पोचल्यावर पाजा, झोपेल. तोवर सुईच्या वेळी छातीशी घ्या, पाजत ठेवा, घट्ट धरा, आणि बोलणं पण बंद करू नका, छातीला लावलेल्या बाळाला तुमचं बोलणं अंगातूनही जाणवतं.